शालूच्या पत्रिकेतला ड्रॅगन

साकोली,
वैशाखातली दुपार

चि. सौ. कां. रुचिका हिला मधुकरमामाचे भरभरून आशीर्वाद. (‘सौ. कां.’ हे हाताच्या सवयीने पडले. इतकी वर्षे लग्नपत्रिका छापल्यावर मुलीच्या नावाआधी दुसरे काही लिहिताच येत नाही. खोडत नाही, कारण आपल्या छापखान्यातून खाडाखोड बाहेर जात नाही असे मी गिऱ्हाइकांना सांगत असतो. तुझ्या लग्नाचा विषय मी काढलेला नाही. तशी सूचना तुझ्या आईकडून आली होती, पण मी ती ऐकली नाही असे समज.)

इकडे आम्ही सर्व ठीक आहोत. तुझ्या मामीचा गुडघा बरा आहे, फक्त मी काही काम सांगितले की दुखतो. ऊन इतके आहे की कूलर पाणी पितो आणि वाफ सोडतो. तू नागपुरात उन्हात फिरू नकोस, कांदा जवळ ठेव, आणि होस्टेलच्या मेसमध्ये ताक मागून घेत जा, लाजू नकोस. आपल्या घराण्यात लाजणारे कोणी नाही, मग तूच सुरुवात कशाला करतेस. तुझा फोन बंद आहे. तुझ्या मैत्रिणीने सांगितले की कादंबरी संपेपर्यंत तू तो उघडणार नाहीस. म्हणून हे पत्र. एसटीच्या कंडक्टरच्या हाती देतो आहे, तो माझ्या ओळखीचा आहे (त्याच्या दोन्ही मुलींच्या पत्रिका आपल्याकडेच झाल्या), तो तुझ्या वॉर्डनच्या हातात देईल. वॉर्डनने फोडून वाचले तर तिलाही माझा नमस्कार.

आता तुझ्या कादंबरीविषयी. तू होळीला आलीस आणि शेवटचे प्रकरण सोडून सगळा मजकूर पेन ड्राइव्हवर देऊन गेलीस, तेव्हाच मी स्पष्ट बोललो होतो की ड्रॅगन हा प्रकार भंडारा जिल्ह्यात चालणार नाही. इथे वाघ आहे, अस्वल आहे, नागझिऱ्यात काय नाही? पण तू म्हणालीस, मामा, ही तरुण मुलामुलींसाठीची अद्भुत कादंबरी आहे. मी म्हटले, छापू. आपण भाचीचे म्हणून छापतो, मजकुरात पडत नाही. मी एक ओळही वाचलेली नाही हे तुला माहीत असावे. मजकूर वाचणे हे छापणाऱ्याचे काम नव्हे. हलवाई पेढे खात बसला तर दुकान कसे चालेल. तरीपण गोष्ट कानावर आली ती अशी की धानाच्या रोवण्याच्या दिवसांत रेवा नावाच्या मुलीला शेताच्या धुऱ्यावर एक अंडे सापडते, त्यातून ठिणगी नावाची ड्रॅगनीण निघते, गाव आधी तिला घाबरते, मग ती गावच्या बोडीत, म्हणजे एवढ्याशा तळ्यात, वाढते, बोडीचे पाणी कोमट होते आणि थंडीत सगळे गाव फुकटात गरम पाण्याने आंघोळ करते. तोवर सगळ्यांना ती गोड वाटते. मग तिला पंख फुटतात, धानाच्या वाळल्या तणसाचे ढीग पेटतात, आणि गाव म्हणते की राहायचे असेल तर पंख कापून राहा. (हे सर्व निकेश सांगतो. निकेश म्हणजे आपला ऑपरेटर. तोच वाचतो, त्याला वेळ असतो.)

ही झाली प्रस्तावना. आता जे घडले ते ऐक. मन घट्ट कर, कारण यात तुझा काहीही दोष नसला तरी सगळे तुझ्यामुळे झाले आहे.

एकोडीचे मारोतराव तुला आठवत असतील, पांढऱ्या टोपीचे, धानाचा व्यापार आहे, बोलायला लागले की समोरचा माणूस ऐकू येत नसल्याचे सोंग करतो. त्यांच्या राजकुमारचे लग्न लाखांदूरच्या खुशालरावांच्या शालूशी जमले. मुलगी बी.एस्सी., तिथल्या एका खाजगी शाळेत गणित शिकवते. मारोतराव दोन्ही घरांची मिळून एकच पत्रिका छापायला आपल्याकडे आले. मी स्वतः नमुना पसंत करून दिला. वर गणपती, खाली कलश, उघडले की डाव्या बाजूला निमंत्रकांची नावे, उजव्या बाजूला मुहूर्त. आता संगणकात या पत्रिकेची फाइल होती ‘शालू’ नावाची. आणि तुझी कादंबरी अपुरी असल्यामुळे, काम सुरू आहे या अर्थाने, तिची फाइल होती ‘चालू’. पानाचा आकार जवळपास सारखा. पुढचे मी सांगायला पाहिजे का? निकेशने डाव्या बाजूला ‘शालू’ऐवजी ‘चालू’ लावली, आणि निमंत्रकांच्या जागी तुझ्या सातव्या प्रकरणाचे पान छापून मोकळा झाला. मी त्याला बोलण्यासारखे सर्व बोललो. तो नुसता माझ्याकडे बघत राहिला. माणूस चुकला की असाच बघतो.

तुला आपलेच पान आठवत नसेल तर इथे उतरवतो, म्हणजे प्रसंगाचे गांभीर्य कळेल. मुखपृष्ठावर सोनेरी अक्षरात ‘चि. राजकुमार व चि. सौ. कां. शालू’. उघडले की डावीकडे:

“...आणि ती आली. तिला पाहताच बाया घरात पळाल्या, म्हाताऱ्यांनी दारे लावून घेतली. तिचे डोळे निखाऱ्यासारखे होते, नाकपुड्यांतून धूर निघत होता. आल्या दिवशीच तिने तीन म्हशी गिळल्या, तरी तिचे पोट भरले नव्हते. आजोबा म्हणाले, हिला सांभाळणे एका घराचे काम नाही, सारे गाव लागेल.”

आणि लगेच उजवीकडे: “तरी या मंगल प्रसंगी आपण सहकुटुंब सहपरिवार उपस्थित राहून वधूवरांस शुभाशीर्वाद द्यावेत, ही नम्र विनंती.”

सांगायची गोष्ट ही, की पत्रिका वाटल्या गेल्या, तालुकाभर फिरल्या, कोपऱ्याला हळद लागली, देवासमोर ठेवल्या गेल्या, आणि कोणीही काही बोलले नाही. लोक पत्रिका वाचत नाहीत. तारीख पाहतात, जेवण दुपारचे की संध्याकाळचे ते पाहतात आणि फ्रिजवर ठेवतात. (या धंद्यात आयुष्य घालवल्यावर हे कळणे बरे नव्हे. दोन दिवस जेवण गेले नाही.) वाचली ती फक्त बायजाबाईंनी. बायजाबाई म्हणजे खुशालरावांची मोठी बहीण, शालूची आत्या. त्या प्रत्येक पत्रिकेत आपले नाव कितव्या ओळीत आहे ते बोट ठेवून शोधतात. त्यांनी बोट ठेवले, वरून खाली आणले, आणि नावाच्या जागी त्यांना म्हशी सापडल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने खुशालराव आणि बायजाबाई थेट आपल्या छापखान्यात. मी उद्घाटनाची एक पत्रिका जुळवत बसलो होतो. खुशालरावांनी नमस्कार केला नाही, पाणी घेतले नाही, पत्रिका टेबलावर ठेवली आणि विचारले, “का जी मधुकरराव, माह्या पोरीच्या नाकातून धूर निंगते का?”

मी वाचले. रुचिका, मी खुर्चीवर होतो म्हणून पडलो नाही. मी म्हटले, हा ड्रॅगन आहे. हे ऐकून बायजाबाईंना वाटले की मी पोरीला आणखी एक नाव ठेवले. त्यांनी आवाज असा चढवला की समोरचा मोबाइलवाला दुकान सोडून आला. नेमके तेव्हाच मारोतराव बाकीच्या पत्रिका न्यायला आत शिरले, आणि मग जे झाले त्याला मी जबाबदार नाही. मी तर टेबलाखाली पेन शोधत होतो.

त्यातले मर्म तुला कळावे म्हणून मागची एक गोष्ट सांगतो. मुलगी पाहायला गेले होते तेव्हा शालूने पाहुण्यांसमोर दुसऱ्यांदा पोहे घेतले. तिला भूक होती, शाळेतून परस्पर आली होती. त्यावर मारोतरावांच्या घरून कोणीतरी हसून बोलले, सून खाणारी आहे. बोलणे तिथेच संपले असे एकोडीला वाटले. लाखांदूरला ते जपून ठेवलेले होते.

“दोनदा पोहे घेतले म्हून तुमी म्हशीवर गेले का?” बायजाबाई म्हणाल्या. “तीन म्हशी! आमच्या घरी मोजून एक म्हैस आहे, ते बी आटली!”

मारोतरावांनी पत्रिका हातभर लांब धरून वाचली, टोपी काढली, परत घातली. “मी कायले असं छापीन, बाई? माह्या बापाचं नाव होतं त्या जागी! माह्या बापाचं नाव गेलं अन् तुमाले म्हशीची पडली!”

“मंग हे सारं गाव लागंल म्हंते ते कोन म्हंते?”

“आजोबा म्हंते, असं लिवलं आहे.”

“म्हंजे तुमचा बापच म्हंते ना!”

इथे मी मध्ये पडलो आणि दोघांचेही समाधान होईल असे सांगितले की ही कादंबरी आहे, माझ्या भाचीने लिहिली आहे, निकेशच्या हातून चूक झाली. दोघांपैकी एकाचेही समाधान झाले नाही. खुशालराव उठले. त्यांचा आवाज एकदम खाली आला होता. आरडाओरडा करणाऱ्या माणसाचे मला काही वाटत नाही, पण हा गृहस्थ हळू बोलला तेव्हा मी हात जोडले. म्हणाले, “एकुलती एक पोरगी आहे जी माही. लोकं हासतीन असं काई तिच्या नावावर नाई लागलं पाह्यजे. लगन नाई करत आमी.” आणि दोघे परतीच्या बससाठी स्टँडकडे निघून गेले.

मारोतराव खुर्चीत बसले. पांढरी टोपी हातात, आणि त्यांच्या तोंडून शब्द निघेना. मारोतरावांच्या तोंडून! मला त्या क्षणी तुझा, तुझ्या कादंबरीचा आणि सर्व पंखवाल्या प्राण्यांचा राग आला. मांडव ठरलेला, आचारी ठरलेला, पोराने मित्रांना सांगितलेले, आणि एका पानाने सगळे उधळून टाकले. तुझ्या मामीला हे कळले तेव्हा ती एवढेच म्हणाली की घरी बसून सुटणार नाही, कादंबरी घ्या आणि पोरीच्या पुढे ठेवा. मी म्हटले, पोरीचा यात काय संबंध? मामीने माझ्याकडे असे पाहिले की मी चप्पल घातली.

तर मी, मारोतराव आणि राजकुमार त्यांच्या गाडीतून लाखांदूरला गेलो. सोबत तुझी कादंबरी, छापून झालेली सर्व प्रकरणे दोरीने बांधून. राजकुमार अबोल मुलगा आहे, बापाने घरातले सगळे बोलणे वापरून टाकल्यामुळे त्याच्या वाट्याला फारसे आले नसावे. वाटेत तो एकदाच बोलला. म्हणाला, “मामाजी, ते म्हशी गिळते ते खरीच वाईट आहे का?” मी म्हटले, नाही रे, उपाशी असते बिचारी, लहान असते तेव्हा कोणी खाऊ घालत नाही. (असे निकेशने सांगितले होते.)

खुशालरावांनी आत घेतले. दारात आलेल्याला परत न पाठवण्याची पद्धत आपल्याकडे आहे, ती पाडणाऱ्याचे भले होवो. पाणी आले, चहा आला, बोलणे आले नाही. मी गठ्ठा पुढे केला आणि म्हटले, खुशालराव, वाचून पाहा, यात शालूचे नाव कुठे आहे का. खुशालरावांनी हात लावला नाही. तेवढ्यात आतून पडदा सरकला आणि शालू स्वतः बाहेर आली. उंच, सावळी, हाताला खडूची भुकटी. तिने सगळ्यांना नमस्कार केला, गठ्ठा उचलला, म्हणाली, “त्या पानानंतर काय झालं ते मले कवापासून वाचाचं होतं,” आणि आत निघून गेली.

त्यानंतर आम्ही बसलो. पुष्कळ वेळ बसलो. पंखा फिरत होता, मारोतराव भिंतीवरचे कॅलेंडर पुन्हा पुन्हा वाचत होते. आतून एकदा हसण्याचा आवाज आला (मासे शिजून वर येतात ते पान असावे). बायजाबाई तिला बोलवायला म्हणून आत गेल्या आणि आल्याच नाहीत. थोड्या वेळाने आतून त्यांचाच आवाज आला, “जोरानं वाच ना, मले नाई आयकू येत.” खुशालरावांनी तिकडे पाहिले, आमच्याकडे पाहिले, आणि खुर्ची थोडी पडद्याकडे सरकवली. मग मीही सरकवली. चहा पुन्हा आला, तेव्हा तो पडद्याजवळच ठेवावा लागला. पुढे एका जागी शालूने तेच वाक्य दुसऱ्यांदा वाचले, आणि कोणीतरी नाक शिंकरले. ते खुशालराव होते.

ऊन उतरल्यावर ती बाहेर आली. पाने नीट बांधलेली. मला विचारले, “मामाजी, शेवट कोठी आहे?”

मी सांगितले, लेखिकेने अजून लिहिला नाही. गाव सभेला बसते, पंख कापायचे की हाकलून द्यायचे, आणि तिथेच थांबली आहे पोरगी.

शालूने मान हलवली. मग ती राजकुमारकडे वळली. सगळ्यांच्या देखत, सरळ. बायजाबाईंनी पदर तोंडाला लावला. “त्या सभेत तुमी असते,” ती म्हणाली, “तं काय केलं असतं?”

रुचिका, मी जन्मात खूप लग्ने छापली, पण अशी परीक्षा पाहिली नाही. मला माहीत होते, आणि तिथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत होते, की मारोतरावांनी बैठकीत मोठ्या मनाने सांगून टाकले होते, आमच्या घरी सुनेला नोकरीची गरज नाही. शालूने तेव्हा काही म्हटले नव्हते. ती पोहे खात होती.

राजकुमारने आधी जमिनीकडे पाहिले. मग छताकडे. बापाकडे पाहिले नाही हे मी बघितले. मग म्हणाला, “मी पंख नसते कापू देल्ले.”

“मंग? तणस पेटते त्याचं काय?”

“बोडी मोठी केली असती,” तो म्हणाला. “लहान बोडीत ठेवता अन् मंग आग लावते म्हून बोंबलता. ते तं मोठी होनारच हाये ना. बोडी मोठी करा लागते.” मग त्याला थोडी हिंमत आली असावी. “आपल्या ओळखीचा जेसीबी आहे.”

कोणी हसले नाही. शालू त्याच्याकडे पाहत राहिली. म्हणाली, “लाखांदूरची शाळा सुटंल माही.”

“साकोलीत का शाळा नाई? एकोडीहून किती दूर आहे? मी सोडून देत जाईन गाडीनं.”

आता खरी गंमत. मारोतराव जेसीबीपाशीच अडकले होते, त्यांना वाटत होते की हे सगळे बोलणे अजून बोडीविषयीच चालले आहे. ते इतका वेळ गप्प राहून कासावीस झाले होते. पुढे सरसावून म्हणाले, “पोट्टा बरोबर बोलून राहिला! पन बोडी मोठी कराची तं आधी ठराव घ्या लागते. सगळ्यायच्या समोर. मंग कोनी मागं नाई फिरू शकत.”

“मंग घ्या ना ठराव,” शालू म्हणाली.

“हव! घेतला!” मारोतरावांनी मांडीवर हात मारला. “हे सारे साक्षीदार!”

खुशालराव, बायजाबाई, मी, सगळ्यांनी माना डोलावल्या. मारोतराव समाधानाने टोपी नीट करून बसले. त्यांना परतीच्या वाटेवर, गाडी साकोलीजवळ आली तेव्हा समजले की त्यांनी नेमके काय मंजूर केले. तोवर ठराव पक्का झाला होता. त्यांनी टोपी काढली, परत घातली आणि म्हणाले, “गनित शिकवते म्हंता? मंग धानाचा हिशोब बी पाहीन.” राजकुमार गाडी चालवत होता, आणि मी पहिल्यांदाच त्याला दात दाखवून हसताना पाहिले.

तर लग्न आहे. पत्रिका नव्या छापल्या, यावेळी निमंत्रकांची नावे मी स्वतः तपासली, बायजाबाई दुसऱ्या ओळीत आहेत. मात्र जुन्या पत्रिका ज्यांच्याकडे गेल्या ते आता मला रस्त्यात थांबवून विचारतात की पुढे काय झाले. पंचायत समितीचा शिपाई विचारतो. दवाखान्यातली नर्स विचारते. म्हणजे वाचणारे निघाले. मी सर्वांना एकच सांगतो, मी वाचत नाही, मी छापतो.

तब्येतीस जप. जास्त जागू नकोस. मोठ्यांचे ऐकत जा.

तुझा,
मधुकरमामा

ता. क. — मूळ मुद्दा राहिलाच. शालूने अट घातली आहे की लग्नात येणाऱ्या प्रत्येकाला तुझी पूर्ण कादंबरी भेट द्यायची, आणि मी उत्साहाच्या भरात हो म्हणून बसलो. लग्न पुढच्याच आठवड्यात आहे. तरी शेवटचे प्रकरण याच कंडक्टरच्या हाती ताबडतोब पाठवावे.

ता. क. २ — मी मजकुरात पडत नाही हे तुला माहीत आहे. फक्त सुचवतो की सभेत एखाद्या तरुणाने बोडी मोठी करण्याचा विचार मांडला तर बरे दिसेल. जेसीबी घालता आला तर घालावा. न घालता आला तर फावडी चालतील. मी राजकुमारला तसे कबूल केले आहे. म्हणजे छापूनच टाकले आहे, पण तेवढे एकच पान, ते बदलता येईल, तू रागावू नकोस.

ता. क. ३ (हे मी, तुही मामी. मामा पाकीट चिकटवाले गोंद शोधून राहिले तवर लिवतो.) — रुचिका, तुह्या मामाचं काई आयकू नको. शेवट तुह्या मनानं कर, जेसीबी आनू नको. अन् निकेशले बोल लावू नको बाई. पत्रिका छापली त्या दिवशी निकेश सुट्टीवर होता, सासुरवाडीले गेलता. मशीनवर हेच होते. म्या चहा घेऊन गेली तं संगणकापुढं बसून डोळे पुसून राहिले होते. म्या इचारलं काय झालं, तं म्हंते शाईचा वास. ठिणगीले कोनी मारनार तं नाई ना, इतकंच मले चोरून कळव. यायले नको सांगू, हे आतापासूनच जेवत नाई.